तणसातली धूळ आणि फुप्फुसातला पहारा

अहेरीकडच्या धानाच्या गावांत पावसानं भिजलेला तणसाचा ढीग आतून चांगलाच तापतो. जनावरांसाठी पेंढी उपसली की राखाडी-हिरवी धूळ उडते, दोन शिंका येतात, माणूस पुन्हा कामाला लागतो. अशा कुजक्या ढिगात अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी सुखानं नांदते. ५० अंशांची धग सोसणाऱ्या तिला आपल्या अंगातले ३७ अंश म्हणजे गारवाच!

तिचा बीजाणू जेमतेम २-३ मायक्रॉनचा. नाकातले केस आणि घशातला कफ चुकवून तो थेट वायुकोशात उतरतो. असे शेकडो बीजाणू आपण रोज श्वासाबरोबर घेतो, तरी बहुतेकांना काही होत नाही.

वायुकोशांना आतून एक पातळ लेप असतो. त्यानं पृष्ठताण कमी होतो, म्हणून श्वास सोडल्यावर कोश मिटून जात नाहीत. लेपात सुमारे ९० टक्के स्निग्ध पदार्थ, बाकी प्रथिनं. त्यातली एसपी-बी आणि एसपी-सी (‘एसपी’ म्हणजे सरफॅक्टंट प्रोटीन) लेप सांभाळतात. एसपी-ए आणि एसपी-डी पहाऱ्यावर. एसपी-डीचा आकार तर बघत राहावा असा: मधोमध सांधलेले चार दांडे, प्रत्येकाच्या टोकाला तीन मुठी. कॅल्शियम असलं की या मुठी बुरशीच्या अंगावरच्या शर्करा पकडतात. मग भक्षक पेशी बीजाणू झपाट्यानं गिळतात. संशोधक तरुणा मदान आणि सहकाऱ्यांनी हे १९९७ साली दाखवलं. पुढे त्यांचं काम मुंबईत, परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत चाललं. फुप्फुसातलं प्रथिन तिथे कसं? तर एसपी-डी स्त्रीच्या प्रजननमार्गातही सापडतं.

पण पहारेकरी प्रत्येक धूलिकणावर बोंब मारू लागला तर फुप्फुस सुजेल, श्वासच अडेल. २००३ साली अमेरिकी संशोधकांनी याची एक सुरेख उकल मांडली. मुठी रिकाम्या असल्या तर त्या भक्षक पेशीवर टेकतात आणि ‘गप’ असा इशारा जातो. मुठीत शत्रू असला तर दांड्याची बाजू पेशीला लागते आणि आरोळी उठते. एकच रेणू, दोन टोकं, दोन हुकूम.

आणि मग बुरशीचा रंग. बीजाणूची ती हिरवट छटा मेलॅनिनची. भक्षक पेशीच्या पोटातही न पचण्यासाठी ते बीजाणूला उपयोगी पडतं. २०१८ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आणि मदान यांच्या चमूला आढळलं, की एसपी-डी नेमकं या मेलॅनिनलाच धरतं, तेही मुठीनं नव्हे, दांड्यानं. ज्या चिलखतावर बुरशीची भिस्त, त्यालाच पकडायला जागा. उंदरांना बीजाणूंऐवजी मेलॅनिनची नुसती पोकळ टरफलं हुंगवली, तरी त्यांची फुप्फुसं खवळली. एसपी-डी नसलेल्या उंदरांत तर ती आरोळी आणखी मोठी होती.