एकच आजार, तीन वाटा

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या बाकावर दोघीजणी शेजारी बसल्या आहेत, असे समजा. एक 26 वर्षांची, नुकतेच लग्न झालेली. दुसऱ्या 58 वर्षांच्या. भरपूर जेवूनही दोघींचे वजन उतरले आहे, छातीत धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो. दोघींच्या रक्ताच्या अहवालात टीएसएच जवळजवळ शून्य आणि टी-थ्री, टी-फोर वाढलेले. आजार एकच, पण दोघींचे उपचार वेगळे असतील आणि तरीही दोन्ही बरोबरच असतील.

‘थायरॉइड आहे’ म्हटले की बहुतेकांना मंदावलेली ग्रंथी आठवते. हा प्रकार नेमका उलटा, ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करण्याचा. त्यामुळे शेजारणीला चालू असलेली थायरॉइडची गोळी इथे घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

उपचारांआधी कारण शोधावे लागते. सर्वांत जास्त आढळतो तो ग्रेव्हज आजार. यात शरीरातलीच प्रतिपिंडे ग्रंथीला सतत चेतवत राहतात. काहींच्या ग्रंथीत एखादी गाठ मनमानी करू लागते. बाळंतपणानंतर किंवा विषाणूसंसर्गानंतर ग्रंथीला सूज आली, तर साठवलेले संप्रेरक रक्तात सांडते आणि काही आठवड्यांत हा भर आपोआप ओसरतो. अशा सुजेत ग्रंथीला आवर घालणाऱ्या गोळ्यांचा उपयोगच नसतो. प्रतिपिंडांची तपासणी किंवा थायरॉइडचा स्कॅन यातून हा फरक कळतो.

ग्रेव्हजवर तीन वाटा आहेत. पहिली गोळ्यांची. कार्बिमाझोलसारखे औषध संप्रेरकाची निर्मिती रोखते. काही आठवड्यांत बरे वाटू लागते, पण गोळ्या साधारण 12 ते 18 महिने घ्याव्या लागतात. त्या थांबवल्यावर जवळपास निम्म्या रुग्णांत आजार परततो. क्वचित, म्हणजे हजारांत दोन ते पाच जणांत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात. म्हणून या गोळ्या चालू असताना ताप आला, घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, तरीही तसेच.

दुसरी वाट किरणोत्सारी आयोडीनची. नाव ऐकूनच अनेकजण दचकतात. प्रत्यक्षात ही तोंडावाटे घ्यायची कॅप्सूल किंवा द्रव असतो. 1941 मध्ये बोस्टनमध्ये हा उपचार पहिल्यांदा झाला, मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्येही तो अनेक वर्षे होतो आहे. थायरॉइडला आयोडीन हवेच असते. ती ते ओढून घेते आणि किरणांनी तिच्या पेशी हळूहळू निकामी होतात. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. काही दिवस लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवावे लागते. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हा उपचार करत नाहीत, नंतरही किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते. डोळे पुढे आले असतील तर त्यांचा त्रास वाढू शकतो, धूम्रपान करणाऱ्यांत अधिकच.

तिसरी वाट शस्त्रक्रियेची. ग्रंथी काढली की आजार लगेच आटोक्यात येतो. गळ्याची गाठ मोठी असेल, कर्करोगाची शंका असेल किंवा डोळ्यांचा त्रास जास्त असेल, तर ही वाट सोयीची. मात्र आधी गोळ्यांनी संप्रेरक ताब्यात आणावे लागते. आवाजाची नस दुखावणे आणि कॅल्शियम कमी होणे हे यातले धोके. या शस्त्रक्रियांचा हात बसलेल्या सर्जनकडे ते बरेच कमी होतात.

आता त्या दोघींकडे वळू. 26 वर्षांच्या मुलीला मूल हवे आहे. तिची सुरुवात गोळ्यांनी होईल आणि आजार स्थिर होईपर्यंत गर्भधारणा लांबवायला सांगितले जाईल. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत कार्बिमाझोलने बाळात व्यंग येऊ शकते. त्यामुळे दिवस राहण्याचा बेत ठरताच तिने डॉक्टरांना सांगायला हवे, म्हणजे गोळी बदलता येते. ग्रंथी फार मोठी असेल तर आधी शस्त्रक्रिया करून मग मूल, हाही शहाणपणाचा मार्ग ठरतो.

58 वर्षांच्या बाईंची नाडी अनियमित झाली आहे. अशा हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूपर्यंत जाण्याची भीती असते. वर्षा-दोन वर्षांनी आजार उलटणे त्यांना परवडणार नाही. गोळ्यांनी थोडे स्थिरावल्यावर त्यांना आयोडीन देणे अधिक सुरक्षित.

इथे बहुतेक कुटुंबे अडतात. आयोडीन किंवा शस्त्रक्रियेनंतर ग्रंथी बहुधा मंदावते आणि थायरॉक्सिनची गोळी कायम घ्यावी लागते. ‘म्हणजे जन्मभराचे दुखणे लागले!’ असे वाटते. पण ही गोळी स्वस्त आहे, सकाळी उपाशीपोटी एकदाच घ्यायची असते आणि योग्य मात्रेत ती शरीराचेच काम करते. हृदय आणि हाडे झिजवणाऱ्या आजाराशी पुन्हा पुन्हा झुंजण्यापेक्षा हा सौदा पुष्कळांना परवडतो. काहींना मात्र गोळ्यांवर नशीब आजमावायचे असते, आणि तेही चुकीचे नाही.

चूक एकच, बरे वाटले म्हणून मध्येच सगळे सोडून देण्याची. डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी सांगायला विसरू नका: मूल हवे आहे का, डोळ्यांना काही त्रास आहे का, धूम्रपान करता का आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासायला येणे जमेल का. कोणती वाट धरायची, हे रक्ताच्या अहवालाइतकेच या उत्तरांवरही ठरते.