एकटा फोटॉन टिपताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिलिकॉनच्या फोटॉनिक चिपवर प्रकाश जेमतेम अर्धा मायक्रॉन रुंदीच्या वेव्हगाइडमधून धावतो. अशा चिपमधून एकेक फोटॉन बाहेर काढता आणि टिपता येतो. त्याविषयीचा सर्वांत रुजलेला गैरसमज असा, की लेझर पुरेसा मंद केला की फोटॉन एकेकटे येऊ लागतात. वास्तविक लेझरच्या प्रत्येक स्पंदात किती फोटॉन असतील हे यदृच्छेनेच ठरते. दर स्पंदाला सरासरी ०.१ फोटॉन इतका प्रकाश क्षीण केला, तर सुमारे ९० टक्के स्पंद रिकामे जातात आणि तरीही उरलेल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांत एकाहून अधिक फोटॉन असतात.

खरी कसोटी वेगळी आहे. प्रकाश निम्मा-निम्मा विभागणाऱ्या बीमस्प्लिटरच्या दोन्ही वाटांवर डिटेक्टर ठेवतात. फोटॉन एकटा असेल, तर दोन्हीकडे एकदम नोंद होत नाही. फ्रान्समध्ये ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी १९८६ मध्ये कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या प्रकाशाची हीच परीक्षा घेतली. लेझर कितीही मंद करा, तो या परीक्षेत उतरत नाही. चिपवरच्या वेव्हगाइडच्या सूक्ष्म कड्यांमध्ये म्हणूनच फोटॉनांच्या जोड्या तयार करतात. जोडीतला एक टिपला की दुसऱ्याची वर्दी मिळते.

मोबाइलच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही सिलिकॉनचाच, मग तो का चालत नाही? अशा चिपमधून धावणाऱ्या १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या फोटॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर सिलिकॉनला प्रकाश शोषायला सुमारे १.१ लागतात. ज्या गुणामुळे चिप या प्रकाशाला पारदर्शक ठरते, त्याच गुणामुळे सिलिकॉनचा सेन्सर त्याला आंधळा असतो. म्हणून हे फोटॉन टिपायला नायोबियम नायट्राइडची, काही नॅनोमीटर जाडीची अतिवाहक तार वापरतात. असा डिटेक्टर प्रथम २००१ मध्ये मॉस्कोच्या गोल्ट्समन यांच्या गटाने दाखवला. तार काही केल्विनपर्यंत थंड ठेवतात. फोटॉन शोषला की तिची अतिवाहकता क्षणभर मोडते आणि विद्युत स्पंद मिळतो.

मात्र प्रत्येक स्पंद म्हणजे चिपमधला फोटॉन नव्हे. भटका प्रकाश आणि उष्णताही खोट्या नोंदी करतात. त्या वेगळ्या काढायला वर्दीची वेळ आणि नोंदीची वेळ जुळते का, हे पाहावे लागते.

फोटॉनचे छायाचित्र निघते, हीसुद्धा चुकीची समजूत. शोषला गेलेला फोटॉन फक्त एक ठिपका देतो. चित्र उमटते ते हजारो ठिपके साचल्यावर. अमेरिकेच्या निस्ट संस्थेतील संशोधकांनी २०२३ मध्ये ४ लाख पिक्सेलांचा अतिवाहक कॅमेरा मांडला. त्यालाही हाच नियम लागू आहे.