लैंगिकताविषयक लेखन आणि लघुप्रकाशन : लेखकासमोरील संधी व जबाबदाऱ्या

मराठीत लैंगिकतेविषयी गांभीर्याने लिहू इच्छिणाऱ्या लेखकापुढे लेखन पूर्ण होताच एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो : हे छापणार कोण? मोठ्या प्रकाशनसंस्थांची यादी, त्यांचे ग्रंथालयीन ग्राहक आणि त्यांची प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी विषयाच्या आड येऊ शकतात. अशा वेळी लेखक स्वाभाविकच लहान प्रकाशनांकडे वळतो. मोजक्या प्रती, मोजके भांडवल आणि एक-दोन व्यक्तींचा आग्रह यांवर चाललेल्या प्रकाशनाला प्रस्तुत लेखात ‘लघुप्रकाशन’ असे म्हटले आहे. त्यात स्वतः लेखकाने काढलेली पुस्तके, स्वयंसेवी संस्थांच्या पुस्तिका आणि अनियतकालिके यांचाही समावेश होतो. या क्षेत्रात लेखकाला कोणत्या संधी आहेत आणि त्यांच्याबरोबर कोणती जोखीम त्याच्याकडे येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विषयाची मराठीतील परंपरा जुनी आहे, आणि तिचा आरंभच मुळी लघुप्रकाशनातून झाला. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे अध्यापन करणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही याच वर्षी. या कार्यापायी कर्व्यांना १९२५ साली कॉलेजातील नोकरी सोडावी लागली, आणि १५ जुलै १९२७ रोजी त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकाचा पहिला अंक काढला. संपादक, प्रकाशक आणि बहुतेक मजकुराचे लेखकही तेच होते. केंद्राच्या कामात व संसाराच्या ओढगस्तीत पत्नी मालतीबाई यांची साथ त्यांना होती. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे निवर्तले, तोपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षांहून अधिक काळ, हे मासिक चालले. या मासिकाने संपादकाला धन मिळवून दिले नाही. उलट त्याच्याजवळ होते नव्हते तेही त्यात गेले. तथापि, वाचक पत्राने आपली अडचण विचारतो आणि संपादक तिला शास्त्राच्या आधारे, आडपडदा न ठेवता उत्तर देतो, हा मराठीतील एक नवा लेखनप्रकार या मासिकाने रूढ केला, असे निश्चितपणे म्हणता येईल.

लघुप्रकाशनातील पहिली संधी नेमकी येथे आहे. मोठ्या नियतकालिकाचा वाचक अनेकविध असल्याने संपादकाला सर्वांचे मन राखावे लागते. लहान प्रकाशनाचा वाचक मुळात प्रश्न घेऊनच आलेला असतो. त्यामुळे लेखकाला प्रस्तावनेत आपल्या विषयाचे समर्थन करीत बसावे लागत नाही आणि विवेचन थेट मुद्द्यापासून सुरू करता येते.

परंतु या सोयीची दुसरी बाजूही कर्व्यांच्याच चरित्रात दिसते. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल १९३१ साली त्यांच्यावर खटला झाला आणि दंड झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली पुन्हा खटला उभा राहिला. या खेपेस त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरीही निकाल विरुद्ध गेला व दंड भरावा लागला. लेखक, संपादक आणि प्रकाशक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्या, म्हणजे स्वातंत्र्य पूर्ण मिळते आणि शिक्षाही पूर्ण मिळते. जोखीम कोणाकडे किती, हा लघुप्रकाशनातील मध्यवर्ती प्रश्न आहे, आणि पुढील काळातील घटनांनी तो अधिकच स्पष्ट केला.

स्वातंत्र्योत्तर काळात साठच्या दशकात मराठीत अनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. ‘शब्द’ हे तिचे पूर्वचिन्ह. त्यानंतर ‘असो’, ‘येरू’, ‘फक्त’ अशी अल्पजीवी पत्रे निघाली. त्यांचे प्रयोजन लैंगिक शिक्षणाचे नव्हते. परंतु शिष्टसंमत भाषेच्या बाहेर राहिलेले शब्द आणि अनुभव त्यांनी छापले, आणि शरीराविषयी लिहिण्यास मराठी लेखकाला जी मोकळीक पुढे मिळाली तिची पूर्वतयारी केली. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा त्यातील वेश्यावस्तीचे जग वाचण्यास एक लहानसा का होईना, वाचकवर्ग तयार झालेला होता.

याच सुमारास न्यायालयांतही या प्रश्नाची चर्चा चालू होती. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कादंबरीवर अश्लीलतेचा आरोप ठेवण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या या लेखकाची सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली मुक्तता केली. काही उतारे सुटे काढून न पाहता कृतीचा समग्र विचार केला पाहिजे, हे या निकालातून अधोरेखित झाले. पुढे २०१४ साली अवीक सरकार खटल्यात त्याच न्यायालयाने जुनी इंग्रजी कसोटी बाजूला सारून समकालीन समाजाच्या मानदंडाची कसोटी स्वीकारली.

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचे प्रकरण मात्र लेखकाने विशेष लक्षपूर्वक अभ्यासावे असे आहे. ही कविता प्रथम अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने भित्तिपत्रकाच्या रूपात काढली होती. १९९४ साली ती बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या पत्रिकेत पुनर्मुद्रित झाली आणि खटला उभा राहिला. संपादकाने लगोलग क्षमायाचना प्रसिद्ध केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१५ रोजी दिलेल्या निकालात ती विचारात घेऊन संपादकाला आरोपातून मुक्त केले. कवीवरील आरोप मात्र कायम ठेवला. कवितेचा विषय लैंगिकता नव्हे. तथापि धडा सर्वांना लागू आहे. छापणारा माघार घेऊ शकतो. लिहिणाऱ्याला शब्द परत घेता येत नाहीत.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेतील कलम २९२ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ ने घेतली आहे. पहिल्या दोषसिद्धीस दोन वर्षांपर्यंत कारावास व पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. विज्ञान, साहित्य, कला अथवा विद्या यांच्या हितार्थ केलेले प्रकाशन लोकहिताचे म्हणून समर्थनीय ठरत असल्यास त्यास अपवाद आहे. लेखकाने या अपवादाचा अर्थ नीट समजून घ्यावा. विवेचनाचा हेतू, आधारलेली माहिती आणि मांडणीतील संयम ही केवळ शैलीची लक्षणे नसतात. प्रसंगी तीच बचावाची सामग्री ठरतात.

आता संधींचा विचार करू. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. त्याच्या कितीतरी आधी पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि ‘पार्टनर’, ‘इंद्रधनु’ यांसारखी मराठी पुस्तके लिहून वाचकांपर्यंत पोहोचविली. कर्व्यांचा कित्ता येथे नव्या विषयासाठी गिरविला गेला, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु क्षेत्र अद्याप पुष्कळसे मोकळे आहे. वृद्धांची लैंगिकता, अपंग व्यक्तींच्या गरजा, किशोरवयीनांसाठी बोलीभाषेतील शरीरविज्ञान, विवाहापूर्वीचे समुपदेशन, तृतीयपंथी व्यक्तींची आत्मकथने, अन्य भारतीय भाषांतील लेखनाचे अनुवाद : यांपैकी प्रत्येक विषयाला आज जाणत्या मराठी लेखकाची गरज आहे.

याहून मूलभूत गरज शब्दांची आहे. या विषयासाठी मराठीत एकीकडे वैद्यकातील संस्कृतप्रचुर संज्ञा आहेत आणि दुसरीकडे शिव्या आहेत. मधला प्रदेश बराचसा ओसाड आहे. आई मुलीशी, शिक्षक विद्यार्थ्याशी अथवा रुग्ण डॉक्टरशी संकोच न बाळगता बोलू शकेल असे शब्द घडविणे हे लेखकाचेच काम होय. ते मोठ्या आवृत्तीपेक्षा लहान पुस्तिकेतून अधिक चांगले होते, कारण तेथे शब्द वापरून पाहता येतो आणि पुढील मुद्रणात बदलता येतो.

दिल्लीतील एक उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. उर्वशी बुटालिया व रितू मेनन यांनी १९८४ साली स्थापन केलेल्या ‘काली फॉर विमेन’ या लहान संस्थेने राजस्थानातील ग्रामीण स्त्रियांनी सिद्ध केलेले ‘शरीर की जानकारी’ हे हिंदी पुस्तक प्रकाशित केले. गावात उघडे शरीर कोणी पाहत नाही, हा आक्षेप ध्यानी घेऊन त्या स्त्रियांनी वस्त्रे नेसलेली चित्रे काढली आणि कागदाची झडप उचलताच आतील शरीररचना दिसावी अशी योजना केली. पुस्तकावर एकीचे नाव न घालता सर्वजणींची नावे घातली. वाचकाचा संकोच जाणून त्याच्याशी बोलण्याची ही रीत मोठ्या प्रकाशनगृहाच्या संपादन विभागात सुचणे कठीण होते.

संधी स्वीकारताना लेखकाने करारनाम्याकडे दुर्लक्ष करू नये. लहान प्रकाशकाशी व्यवहार बहुधा स्नेहाचा असतो आणि स्नेहाच्या व्यवहारात कागद होत नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ याच्या कलम १९ नुसार हक्कांचे अभिहस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असल्याखेरीज वैध ठरत नाही. करारात मुदत लिहिली नसल्यास ती पाच वर्षे मानली जाते, आणि प्रदेश लिहिला नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. हक्क घेऊन प्रकाशकाने एक वर्षात त्यांचा वापर केला नाही, तर करारात वेगळे ठरलेले नसल्यास ते हक्क संपुष्टात येतात. लेखकाने याशिवाय दोन कलमांचा आग्रह धरावा : खटला झाल्यास खर्च कोणी सोसावा, आणि लेखकाला विचारल्यावाचून प्रकाशकाने माफीपत्रक अथवा दुरुस्तीपत्रक काढू नये. प्रकाशनाचा खर्च लेखकाकडूनच मागितला जात असेल, तर हक्क व शिल्लक प्रती लेखकाकडेच राहतील हेही लिहून घ्यावे.

टोपणनावाचा प्रश्न या विषयात वारंवार उद्भवतो. नोकरी, कुटुंब अथवा गाव यांच्या धाकाने लेखक नाव झाकतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्याचे परिणाम ज्ञात असावेत. स्वनावाने लिहिलेल्या कृतीचा प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. टोपणनावाने छापलेल्या कृतीचा तो प्रकाशनापासून साठ वर्षे टिकतो. मुदत संपण्यापूर्वी लेखकाची ओळख उघड झाली, तरच तो मृत्यूपासून मोजला जातो. दरम्यान हक्कभंगाविरुद्ध दाद मागण्यापुरता कायदा प्रकाशकालाच स्वामी मानतो. म्हणून टोपणनाव घेणाऱ्याने आपणच लेखक असल्याचा एक स्वाक्षरित कागद प्रकाशकाकडून घेऊन जपून ठेवावा.

प्रताधिकाराची नोंदणी होते ते कार्यालय दिल्लीच्या द्वारका उपनगरात, सेक्टर १४ मधील बौद्धिक संपदा भवनात आहे. साहित्यकृतीसाठी २०१३ च्या नियमांनी ठरविलेले शुल्क पाचशे रुपये आहे. अर्ज दाखल झाल्यावर आक्षेपांसाठी तीस दिवस थांबावे लागते. नोंदणी सक्तीची नाही. कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. परंतु वाद उद्भवल्यास नोंदणीपुस्तकातील नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. येथे टोपणनाव घेणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. ही नोंदणीपुस्तके कोणासही पाहावयास खुली असतात. जे नाव गावापासून लपविले, ते द्वारकेच्या दफ्तरात उघडे राहू शकते. पुरावा हवा की पडदा, याची निवड नोंदणीपूर्वीच केली पाहिजे.

यापुढचे कर्तव्य पुस्तक टिकविण्याचे. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत पुस्तकाला आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य विहित ग्रंथालयांस प्रत पाठवावयाची असते. लहान प्रकाशक हे टाळतात, आणि मग अशा पुस्तकांचा मागमूसही उरत नाही. या विषयावरील पुस्तके घराघरांत लपवून ठेवली जातात व लपविणाऱ्याच्या पश्चात रद्दीत जातात. म्हणून सार्वजनिक ग्रंथालयातील एक प्रत येथे इतर कोणत्याही विषयापेक्षा मोलाची आहे.

शेवटी पुन्हा कर्व्यांकडे यावे लागते. त्यांच्या मृत्यूनंतरची साठ वर्षांची मुदत २०१३ च्या अखेरीस पूर्ण झाली. त्यांचे स्वनावाने लिहिलेले मूळ लेखन आता कोणालाही छापता येते; अर्थात इतरांच्या संपादनावरील व टिपांवरील हक्क वेगळे. ज्या मजकुरापायी एका माणसाला न्यायालयात उभे राहावे लागले, तो आज एखाद्या लहान प्रकाशकाने टिपांसह, आजच्या वैद्यकीय ज्ञानाची जोड देऊन छापावा आणि त्यासाठी एखाद्या तरुण लेखकाने लेखणी उचलावी, याहून सुलभ आरंभ या क्षेत्रात दुसरा नाही. त्या लेखकाने आपल्या करारनाम्यावर मात्र आधी तारीख घालून घ्यावी.