पडद्यावरचा अर्ज दप्तरी कसा पोहोचतो?

शासनाच्या अनेक सेवांसाठी आता संगणकावरून किंवा मोबाइलवरून अर्ज करता येतो. अर्ज भरून बटण दाबले की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः बटण दाबल्यानंतरच खऱ्या कामास प्रारंभ होतो.

दर्शनी भाग व दप्तर

अशा प्रत्येक प्रणालीचे दोन भाग असतात. पडद्यावर दिसणारा अर्जाचा नमुना म्हणजे फ्रंटएंड. हा भाग अर्जदाराच्याच ब्राउझरमध्ये चालतो. दुसरा भाग बॅकएंड. तो दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि माहितीसाठ्यात नोंदी करतो. कार्यालयाची खिडकी आणि आतील अभिलेख कक्ष यांच्यासारखेच हे नाते आहे.

या दोहोंमधील पत्रव्यवहार एचटीटीपी नावाच्या नियमांनी चालतो. फ्रंटएंड ठरलेल्या पत्त्यावर विनंती पाठवितो. माहिती बहुधा जेसन या मांडणीत असते. बॅकएंड उत्तरासोबत एक सांकेतिक क्रमांक देतो. २०१ म्हणजे नवी नोंद झाली, ४०० म्हणजे विनंतीत दोष आहे, ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही आणि ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड आहे.

करार अचूक हवा

दोन्ही भागांनी रकान्यांची नावे व माहितीचे स्वरूप आधी ठरवून घ्यावे लागते. समजा, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्जदाराने ‘४८०००’ ही रक्कम देवनागरी अंकांत लिहिली. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट भाषा या अंकांचे आपोआप संख्येत रूपांतर करीत नाही. योजना केलेली नसेल, तर जेसनमध्ये त्या जागी रिकामी किंमत जाते. पडद्यावर रक्कम दिसते. दप्तरी ती पोहोचतच नाही. यास्तव देवनागरी अंकांची चाचणी आधीच घेणे अगत्याचे ठरते.

तपासणी कोठे करावी?

रिकामा रकाना फ्रंटएंडने दाखवून दिल्यास अर्जदाराची सोय होते. परंतु तो भाग वापरणाऱ्याच्या हाती असल्याने जाणकार व्यक्ती ती तपासणी टाळू शकते. म्हणून प्रत्येक माहितीची व अधिकाराची अंतिम तपासणी बॅकएंडनेच केली पाहिजे.

उत्तर वाटेत हरवले तर?

ग्रामीण भागात संपर्क मध्येच तुटण्याचा अनुभव नवा नाही. अशा वेळी अर्ज नोंदला जातो, परंतु उत्तर परत येत नाही. अर्जदार पुन्हा बटण दाबतो आणि एकाच अर्जाच्या दोन नोंदी होतात. हे टाळण्यासाठी फ्रंटएंडने प्रत्येक अर्जासोबत एक वेगळी खूण पाठवावी. तीच खूण पुन्हा आल्यास बॅकएंड नवी नोंद न करता पहिलेच उत्तर देतो.

पोच हाच पुरावा

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्जाचा विशिष्ट क्रमांक व सेवेची कालमर्यादा नमूद केलेली पोच अर्जदारास दिली जाते. हा क्रमांक बॅकएंडमध्ये नोंद पक्की झाल्यावरच पडद्यावर यावा, अशी रचना असणे आवश्यक आहे. ‘धन्यवाद’ एवढाच शब्द उमटणे पुरेसे नाही. अर्जदारांना साहाय्य करणारे शिक्षक, पंचायत सदस्य व कर्मचारी यांनी अर्ज क्रमांक मिळाल्याची खात्री करून घेतल्यास मुदत मोजता येईल आणि विलंब झाल्यास अपिलाचा हक्कही बजावता येईल.