परांची आणि तिचा पर्यवेक्षक : जाणकारी व अधिकार

इमारत पूर्ण झाली म्हणजे परांची नाहीशी होते. वास्तुकाराच्या आराखड्यात ती बहुधा नसते, पूर्णत्वाच्या दाखल्यात तिचा उल्लेख येत नाही, आणि इमारतीच्या मालकास तिची आठवण राहण्याचे काही कारण नसते. तथापि गवंडी, प्लास्टर करणारे, रंगारी, नळजोडणीचे कारागीर आणि त्यांना माल पोचविणारे बिगारी यांच्या दृष्टीने कित्येक महिने परांची हीच पायाखालची जमीन असते. मुख्य इमारतीच्या शेजारी एक दुसरी रचना उभारली जाते, वापरली जाते आणि अखेर उतरविली जाते. या दुसऱ्या रचनेची जबाबदारी ज्याच्यावर असते त्या पर्यवेक्षकाच्या कामाचे स्वरूप काय, त्यास कोणते ज्ञान लागते, आणि ते ज्ञान असूनही तो केव्हा निष्प्रभ ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना व भार

परांचीची घटकरचना वरकरणी साधी असते. जमिनीतून वर जाणारे उभे खांब, त्यांना भिंतीशी समांतर जोडणारे आडवे दांडे, त्या दांड्यांवर भिंतीशी काटकोनात टाकलेले आखूड दांडे, त्यांवर फळ्यांचा माचा, सगळे जाळे एका अंगाला कलू नये म्हणून घातलेल्या तिरप्या कैच्या, आणि परांचीस इमारतीशी जखडून ठेवणारे बंध, असे तिचे सहा मुख्य भाग होत. जुन्या पद्धतीत उभे व आडवे दांडे बांबूंचे किंवा बल्ल्यांचे असून त्यांची बांधणी काथ्याच्या दोरीने केली जाते. मोठ्या कामांवर आता लोखंडी नळ्या व क्लँप वापरतात. अशा नळीचा बाहेरील व्यास सामान्यतः ४८.३ मिलिमीटर असतो. साहित्य बदलले तरी भार वाहण्याचा क्रम बदलत नाही. माच्यावरचा भार आखूड दांड्यांवर, तेथून आडव्या दांड्यांवर, तेथून उभ्या खांबांवर आणि शेवटी जमिनीवर जातो.

म्हणूनच जाणत्या पर्यवेक्षकाची पाहणी खालून सुरू होते. खांबाच्या बुडाखाली लोखंडी पाट व त्याखाली रुंद फळी असेल, तर भार पसरतो. तोच खांब भरावाच्या मातीवर किंवा विटेच्या तुकड्यावर टेकविला असेल, तर पहिल्या मोठ्या पावसातच तो खचतो. आणि एक खांब दोन बोटे खचला, की त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या खांबांवर जातो. बांबूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भुंगेऱ्यांनी आतून पोखरलेला बांबू बाहेरून धड दिसू शकतो. त्याची खूण म्हणजे बारीक छिद्रे आणि त्यांतून सांडलेला पिठासारखा भुसा. काथ्याची दोरीही पावसात भिजून व उन्हात वाळून सैल पडते आणि पुढे कुजते. अर्थात पावसाळ्याआधी निर्दोष असलेली परांची पावसाळ्यानंतर निर्दोष आहे असे गृहीत धरता येत नाही.

माच्यावर किती भार ठेवावा, हा पुढचा प्रश्न. युरोपीय प्रमाणकात (ई. एन. १२८११) माच्यांचे सहा वर्ग केलेले असून त्यांपैकी तिसऱ्या वर्गात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोग्रॅम, इतका भार धरलेला आहे. दोन खांबांमधील अंतर २ मीटर व माच्याची रुंदी १.२ मीटर धरल्यास क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर होते, आणि त्यावर सुमारे ४९० किलोग्रॅमपर्यंत भार चालतो. आता दोन गवंडी व एक बिगारी यांचे वजन मिळून १८० किलोग्रॅम, अर्धे भरलेले पाण्याचे पिंप १०० किलोग्रॅम, मसाल्याची दोन घमेली ४० किलोग्रॅम आणि प्रत्येकी ३ किलोग्रॅमच्या ५० विटांचे १५० किलोग्रॅम धरले, तर एकूण ४७० किलोग्रॅम होतात. विटा ५० ऐवजी १०० चढविल्या, की हाच आकडा ६२० वर जातो. खाली उभ्या असलेल्या माणसास या दोन स्थितींत काहीच फरक दिसत नाही. गवंड्याला तर दुसरी स्थिती अधिक सोयीची वाटते, कारण पुन्हा पुन्हा माल मागवावा लागत नाही. ही सोय नाकारणे हे पर्यवेक्षकाच्या रोजच्या कामापैकी एक काम होय.

बंधाचे महत्त्व

परांचीविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज बंधांविषयी आहे. बंध काही भार वाहत नाही, केवळ परांची पुढे झुकू नये म्हणून तो असतो, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः उभा खांब किती भार पेलू शकेल, हेही बरेचसे बंधांवर अवलंबून असते. लांब व सडपातळ खांब दाबाखाली चिरडून मोडत नाही. तो मध्येच एका बाजूस वाकतो आणि निकामी होतो. या वाकण्याचे गणित लिओनार्ड ऑयलर याने १७४४ मध्ये मांडले. त्यानुसार, इतर गोष्टी तशाच राहिल्यास, खांबाची पेलण्याची सीमा त्याच्या आधाररहित लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. लांबी दुप्पट झाली, की सीमा चौथाईवर येते.

याचा व्यवहारातील अर्थ असा. दर ४ मीटर उंचीवर बंध असलेल्या परांचीतून प्लास्टर करणाऱ्याने आपल्या कामाच्या आड येणारा एक बंध काढला, तर भिंतीशी काटकोनातील दिशेने त्या ठिकाणची आधाररहित लांबी ८ मीटर होते. आदर्श स्थितीतील हिशेबाने त्या खांबाची सीमा एकचतुर्थांश उरते. तरीही परांची त्या क्षणी कोसळत नाही. खांबांवरचा भार त्या वेळी सीमेच्या पुष्कळ खाली असतो आणि शेजारचे खांब हातभार लावतात. बंध काढणाऱ्याचा अनुभव त्याला असे सांगतो की काहीच बिघडले नाही. पुढे कोणी दुसरा बंध काढतो, तिसरा माच्यावर विटा रचतो, चौथा धूळ उडू नये म्हणून बाहेरून हिरवी जाळी लावतो. जाळीमुळे परांचीवर वाऱ्याचा जोर येतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास त्याचा दाब चौपट होतो. या चौघांपैकी प्रत्येकाची कृती एकेकटी पाहिल्यास क्षुल्लक असते. त्या चारही कृती ज्याच्या नजरेत एकत्र येतात असा माणूस कामावर एकच असतो, आणि तो म्हणजे परांचीचा पर्यवेक्षक.

यावरून एक निष्कर्ष निघतो. परांची उभारणे हे कुशल कारागिराचे काम आहे. परंतु उभारणीच्या दिवशी ती कशी होती, यावरून आज ती कशी आहे हे कळत नाही. पक्क्या इमारतीची ताकद साधारणपणे एकदा तपासली की पुरते. परांचीचे तसे नाही, कारण तिच्यात दररोज परक्या हातांनी फेरबदल होत असतात. पर्यवेक्षणाचा खरा विषय हे फेरबदल होत.

विलो आयलंडची दुर्घटना

काळाचा हा घटक दुर्लक्षिला गेल्यास काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील विलो आयलंड येथे २७ एप्रिल १९७८ रोजी मिळाले. वीजनिर्मिती केंद्राच्या शीतन मनोऱ्याचे काँक्रीटचे कवच तेथे थराथराने वर चढत होते. परांची जमिनीवर उभी नव्हती. ती त्या कवचासच अडकविलेली होती, आणि काम जसजसे वर जाई तसतशी तीही वर नेली जाई. सुमारे ५० मीटर उंचीवर काम चालू असता आदल्या दिवशी ओतलेला थर तुटला आणि परांची त्याच्यासह खाली आली. वर असलेले सर्वच्या सर्व ५१ कामगार मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक कार्यालयाच्या चौकशीत असे दिसून आले, की त्या थरातील काँक्रीटला पुरेशी ताकद येण्यापूर्वीच त्यावर बांधकामाचा भार आला, हे दुर्घटनेचे सर्वांत संभाव्य कारण होते.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की परांचीचा आधार पुरेसा आहे काय, या प्रश्नाचे उत्तर परांचीत नव्हते. ते काँक्रीटच्या वयात व हवेच्या तपमानात होते. थंड हवेत काँक्रीट सावकाश घट्ट होते, हे सर्वज्ञात आहे. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. परंतु 'आज थांबावे' असे म्हणण्याशी ते ज्ञान जोडले गेले नव्हते.

कायद्यातील व्याख्या

ज्ञान आणि थांबविण्याचा अधिकार यांची ही सांगड कायद्याने फार पूर्वीच ओळखली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३७ च्या इमारत-सुरक्षाविषयक करारात (क्रमांक ६२) असे म्हटले होते, की परांचीची उभारणी, उतरणी अथवा तीत मोठा फेरबदल जाणकार व जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावा. या तरतुदीत 'जाणकार' व 'जबाबदार' ही दोन विशेषणे जोडीने येतात, हे लक्षणीय आहे. अमेरिकेच्या संघीय नियमांत 'जाणकार व्यक्ती'ची व्याख्या याहून स्पष्ट आहे. जिला धोके ओळखता येतात आणि ते तत्काळ दूर करण्याचा अधिकारही दिलेला आहे, ती जाणकार व्यक्ती. अधिकार नसेल तर नुसत्या ज्ञानाने मनुष्य कायद्याच्या दृष्टीने जाणकार ठरतच नाही. तेथे प्रत्येक पाळीपूर्वी परांचीची पाहणी आवश्यक आहे. ब्रिटनमधील २००५ च्या नियमांनुसार बांधकामावरील परांची प्रथम वापरण्यापूर्वी, त्यानंतर जास्तीत जास्त सात दिवसांच्या अंतराने, आणि वादळासारख्या कोणत्याही बाधक घटनेनंतर तपासावी लागते.

भारतात इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीचा कायदा १९९६ मध्ये झाला, आणि त्याखालील केंद्रीय नियम १९९८ मध्ये आले. त्यांत परांचीसाठी स्वतंत्र प्रकरण असून बांबूचा दर्जा, उभारणीवरील देखरेख व देखभाल यांचा विचार होता. परांचीची उभारणी, फेरबदल व उतरणी जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावी, असे तत्त्व त्यांत होते. १९९६ चा कायदा पुढे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० हीत विलीन झाला, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. कायद्याची चौकट बदलली तरी मूळ प्रश्न कायम आहे. पर्यवेक्षकास अधिकार कागदावर दिला असता तो प्रत्यक्षात त्याच्या हाती येतो काय?

मुकादमाचे स्थान

या प्रश्नाचे उत्तर बांधकामावरील करारांच्या साखळीत शोधावे लागते. मालक, मुख्य ठेकेदार, पोटठेकेदार, परांचीचा ठेकेदार आणि त्याचा मुकादम असा हा क्रम असतो. परांचीचा हिशेब बहुधा चौरस फुटाच्या दराने होतो. या पद्धतीत उभारलेले क्षेत्रफळ मोजता येते. रोजच्या फेरीत पुन्हा बसविलेला बंध मोजता येत नाही. म्हणून उभारणीचे पैसे मिळतात, परंतु देखभालीस स्वतंत्र मोल राहत नाही. शिवाय माचा बंद ठेवल्यास नुकसान दुसऱ्याचेच होते. गवंडी व रंगारी पोटठेकेदाराचे, आणि त्यांचा खाडा त्याच्या माथी. परांचीचा मुकादम या साखळीत सर्वांत खाली असतो, आणि काम थांबविण्याचा शब्द मात्र त्यालाच उच्चारावा लागतो.

मुकादमाचे हे दुहेरी स्थान मुंबईच्या श्रमजीवनात नवीन नाही. कापडगिरण्यांतील जॉबर माणसे भरती करी आणि त्यांच्यावर देखरेखही ठेवी. १९३१ च्या राजकीय श्रम आयोगाच्या अहवालात या व्यवस्थेची चर्चा आढळते. बांधकामावरील मुकादमही पुष्कळदा आपल्याच गावचे, आपल्याच नात्यागोत्यातले लोक कामावर आणतो. त्यामुळे त्याचा शब्द त्यांच्यात चालतो, हा लाभ होय. परंतु त्यांची रोजी बुडू नये ही काळजीही त्यालाच असते. परांची बंद करणे म्हणजे आपल्याच माणसांचा खाडा करणे, असा पेच त्याच्यापुढे उभा राहतो. हा पेच धैर्याच्या उपदेशाने सुटणारा नाही, कारण तो वेतनपद्धतीने निर्माण केलेला आहे.

उपाय मात्र अवघड नाहीत. परांची वापरास देताना व परत घेताना लेखी नोंद असावी. तिच्यावर 'वापरास योग्य' किंवा 'बंद' अशी पाटी तारीख व सहीसह लावावी, आणि ती पाटी बदलण्याचा अधिकार पर्यवेक्षकाखेरीज कोणासही नसावा. देखभालीचे पैसे क्षेत्रफळाच्या दरापासून वेगळे काढून दिवसाच्या हिशेबाने द्यावेत. परांची बंद राहिलेल्या दिवसाचा खाडा कारागिरांवर पडू नये. आणि पर्यवेक्षकाची नेमणूक परांचीच्या ठेकेदाराकडून न होता मुख्य ठेकेदाराकडून व्हावी, म्हणजे त्याचा नकार त्याच्या मालकाविरुद्ध जाणार नाही.

परांचीचा शेवटचा टप्पा उतरणीचा. उभारणीच्या उलट क्रमाने, वरून खाली, प्रत्येक मजल्याचे बंध त्या मजल्याबरोबरच काढत यावे लागते. घाईत खालचे बंध आधी सुटले, तर उरलेला सगळा डोलारा आधाराविना राहतो. या वेळी इमारत पूर्ण झालेली असते, मालकास ताबा हवा असतो आणि ठेकेदाराचे लक्ष दुसऱ्या कामाकडे वळलेले असते. दहा मीटरवरून निसटलेली नळी दीड सेकंदाच्या आत ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर येते. वर माणसे असतात, खालून येणे-जाणे चालू असते, आणि परांचीच्या मजबुतीत आता कोणाचाच स्वार्थ उरलेला नसतो. पर्यवेक्षकाच्या अधिकाराची खरी परीक्षा याच दिवशी होते.