दुधाच्या थेंबात दडलेले लोणी

अहिल्यानगर जिल्ह्यातील गावोगावी दिवस उजाडतो तो दूध संकलन केंद्रावरील किटल्यांच्या खणखणाटाने. दुधाचा भाव ठरतो तो 'फॅट'वर. गायीच्या दुधासाठी ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ., म्हणजे स्निग्धेतर घनपदार्थ, हे प्रमाण धरले जाते. एका दशांशाने फॅट घसरले, तरी शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम कमी होते. हे फॅट प्रत्यक्षात असते तरी कसे?

डेल्फ्ट येथील आन्तोनी व्हान लेव्हेनहूक याने १६७४ मध्ये ते स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिले. तो व्यवसायाने कापडाचा व्यापारी होता. नगरच्या कापडबाजारातील वाचकांना याचे कौतुक वाटावे! स्वच्छ द्रवात तरंगणारे असंख्य गोलक त्याला दिसले. आज शाळेतील साधा सूक्ष्मदर्शकही हे दर्शन घडवितो. दुधाच्या थेंबात पुष्कळ पाणी मिसळावे, त्यातील एक थेंब काचपट्टीवर घेऊन पातळ काच ठेवावी आणि चारशे पट मोठे करून पाहावे. चकचकीत गोलक जागच्या जागी थरथरताना दिसतात. गायीच्या दुधात त्यांचा व्यास सरासरी तीन ते चार मायक्रॉन असतो, म्हशीच्या दुधात थोडा अधिक. यंत्रात दाबाखाली एकजीव केलेल्या पिशवीतील दुधाचे गोलक इतके बारीक होतात की त्यावर साय नीट धरत नाही. गृहिणींची तक्रार असते ती याचीच. त्यात दरवेळी भेसळ नसते.

प्रत्येक गोलकाभोवती प्रथिने व फॉस्फोलिपिड यांचे तलम आवरण असते. त्यामुळेच गोलक परस्परांत मिसळत नाहीत. रवी फिरू लागली की आवरणे फाटतात, आतील स्निग्धांश एकत्र येतो आणि लोणी वर येते. फाटलेल्या आवरणांचा मोठा भाग ताकात उतरतो. लोण्याचा कण पाहावा तर चित्र उलटलेले असते: दुधात पाण्यामध्ये स्नेह होता, लोण्यात स्नेहामध्ये पाण्याचे थेंब असतात. हे पाणी सुमारे सोळा टक्के भरते आणि सूक्ष्मजीवांना आसरा मिळतो तो त्यातच. कढविल्यावर ते जवळपास सारे उडून जाते, म्हणून तूप टिकते.

जैन आचारात लोण्याची गणना चार महाविगयांत होते. ताकातून बाहेर काढलेल्या लोण्यात अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, जीवोत्पत्ती होते असे मानून ते तत्काळ कढविण्याची रीत घरोघरी आहे. शास्त्राज्ञेला सूक्ष्मदर्शकाच्या साक्षीची गरज नाही आणि ४८ मिनिटांचा हिशेबही त्यातून निघत नाही. तथापि पाण्याचे ते थेंब पाहिल्यावर आजीची लोणी कढविण्याची घाई मुलांना निराळी भासते.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या हिताची. धारेच्या आरंभीच्या दुधात गोलक थोडे असतात, अखेरच्या दुधात पुष्कळ. किटली न ढवळता वरून नमुना घेतला तर फॅट फुगते, तळातून घेतला तर घटते. म्हणून शेवटची धार पूर्ण काढावी, आणि नमुना घेण्यापूर्वी दूध नीट ढवळले जाते की नाही, हे स्वतः उभे राहून पाहावे.