चाकाच्या पोटातला एरंड

केळी भरलेला ट्रक बऱ्हाणपूरहून इंदूरच्या रस्त्याला लागतो, तेव्हा ताशी साठच्या वेगाने त्याचं मीटरभर व्यासाचं चाक मिनिटाला तीनशेहून जास्त फेरे घेतं. परतीला हाच ट्रक असीरगडचा घाट उतरतो. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर, ड्रम तापलेले, आणि ती उष्णता हळूहळू चाकाच्या मधल्या हबमध्ये झिरपत असते. निमाडातला मे महिना म्हणजे बाहेरची हवाही काही मदत करत नाही. या सगळ्यात चाक आणि आस यांच्यामध्ये असतं ते फक्त ओंजळभर ग्रीस.

ग्रीसकडे आपण चिकट मळ म्हणून पाहतो, हात लागला तर पुसून टाकतो. पण त्याच्याकडून आपली अपेक्षा काय असते ते बघा. गाडी उभी असताना त्याने घट्ट राहायचं, गळायचं नाही. चाक फिरायला लागलं की लगेच मऊ व्हायचं. चाक थांबलं की पुन्हा घट्ट. हे त्याने हजारो वेळा, वर्षानुवर्षं करायचं, आणि तेही कुणी बघत नसताना.

हे जमतं कसं? ग्रीस म्हणजे मुळात तेलच. डब्यातल्या मालात सत्तर ते पंच्याण्णव टक्के तेल असतं. उरलेल्यात थोडी रसायनं आणि बाकी चक्क साबण. आंघोळीचा साबण सोडियमचा असतो, गाडीच्या ग्रीसमध्ये बहुतेक वेळा लिथियमचा. तेलात शिजवून थंड केला की या साबणाचे अतिसूक्ष्म तंतू तयार होतात, एकमेकांत गुंतलेले आणि दोरखंडासारखा पीळ पडलेले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पिंजलेल्या कापसात तेल मुरवून ठेवावं तसा हा मामला दिसतो. वंगणाचं काम तेल करतं, तंतू फक्त त्याला धरून ठेवतात. चाक फिरलं की तंतू प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि तेल मोकळं होतं.

आता खरी गंमत. त्या तंतूंचा कच्चा माल येतो एरंडीतून.

एरंडेलातल्या मुख्य आम्लाची साखळी अठरा कार्बनची असते आणि बाराव्या कार्बनवर हायड्रोजन-ऑक्सिजनची एक जोडी लटकलेली असते. खाद्यतेलांत अशी जोडी सहसा सापडत नाही. शेजारच्या रेणूला धरून ठेवायला ती कामी येते, म्हणूनच तंतूंना पीळ पडतो आणि जाळं बळकट होतं. एरंडेलात हायड्रोजन घालून मेणासारखा घट्ट पदार्थ करायचा, त्यातल्या आम्लावर लिथियम हायड्रॉक्साइडची क्रिया घडवायची, की साबण तयार. लिथियम ग्रीसचं अमेरिकी पेटंट क्लॅरेन्स अर्ल यांनी 1942 साली घेतलं. ते युद्धाचे दिवस होते आणि विमानांना जमिनीवरच्या उन्हात व आकाशातल्या गारठ्यात एकच ग्रीस चालायला हवं होतं. आज जगातलं निम्म्याहून जास्त ग्रीस लिथियम साबणाचं आहे, आणि जगात एरंडी पिकवण्यात भारताचा पहिला नंबर लागतो.

तापीकाठच्या बैलगाडीला हे सांगितलं असतं तर तिला काही नवल वाटलं नसतं. तिच्या आसाला घातलं जाणारं वंगण एरंडेलाचंच असे, त्यात जळक्या चिंध्यांची राख किंवा काजळी कालवलेली. तेल धरून ठेवायला काहीतरी बारीक घन पदार्थ हवा, हे गाडीवानाला कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय कळलेलं होतं. मधल्या काळात बैलाच्या जागी डिझेल आलं, लाकडी तुंब्याच्या जागी टेपर रोलर बेअरिंग आलं (त्याचं पेटंटही 1898 साली हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्यानेच घेतलं होतं), पण एरंड काही चाकातून हलला नाही.

त्या बेअरिंगच्या आत जे घडतं ते तर विश्वास बसू नये असं आहे. पोलादी रोलर आणि तो जिच्यावरून फिरतो ती कडी जिथे भेटतात ती जागा जेमतेम रेघेएवढी. सगळा भार त्या रेघेवर. तिथला दाब दहा हजार वातावरणांच्या घरात जातो, म्हणजे समुद्राच्या सर्वांत खोल तळाशी असतो त्याच्या नऊ-दहा पट. खरं तर तेल तिथून पिळून बाहेर पडायला हवं. पण इतक्या दाबाखाली त्याचा दाटपणा लाखो पटींनी वाढतो आणि क्षणभर ते जवळजवळ घन होतं. पोलादच किंचित दबतं, आणि दोघांमध्ये केसाच्या शंभराव्या हिश्शाइतका पातळ थर टिकून राहतो. रोलर मिलिसेकंदाच्या आत पुढे सरकतो आणि तेल पुन्हा तेल होतं.

पण घाटात ब्रेकमुळे हब तापतो, म्हणून त्याच्या ग्रीसची निवड करताना पहिला प्रश्न उष्णतेचा. चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं साधं ग्रीस शंभर अंशांच्या आतच वितळून ठिबकायला लागतं. साधं लिथियम एकशे ऐंशीच्या पुढे तग धरतं, लिथियम कॉम्प्लेक्स अडीचशेच्याही वर. घाटाच्या गाडीला पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

घट्टपणाचा आकडा वेगळा. डब्यावर ‘एपी-3’ लिहिलेलं असतं, त्यातला 3 हाच आकडा. तो काढायची पद्धत मला फार आवडते. पंचवीस अंशांवर ग्रीस साठ वेळा घुसळायचं, मग ठरलेल्या वजनाचा शंकू त्यावर पाच सेकंद सोडायचा आणि किती रुतला ते मोजायचं. साडेसव्वीस ते साडेएकोणतीस मिलिमीटर रुतला तर ग्रेड 2, बावीस ते पंचवीस तर ग्रेड 3. आकडा मोठा म्हणजे ग्रीस उत्तम, असा समज आहे. तो चुकीचा. आकडा फक्त घट्टपणा सांगतो, आतलं तेल कसं आहे ते नाही.

केळीच्या बागेतून काळ्या चिखलात घड ओढणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं दुखणं निराळं. कमानपट्ट्याची पिन, किंग पिन, स्टेअरिंगचे सांधे गरगर फिरत नाहीत, थोडेसे मागेपुढे डुलतात. फिरणंच नाही, तर तेलाचा थर बनणार कुठून? शिवाय वरून दणके. इथे मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं काळसर ग्रीस कामी येतं. त्या खनिजाचे सपाट थर एकमेकांवरून सहज घसरतात, आणि तेल पिळून निघालं तरी धातूला चिकटून बसलेले थर आपलं काम करत राहतात. पिनांना ग्रीस गनने निप्पलमधून इतकं भरायचं की कडेने जुना चिखलमिश्रित माल बाहेर पडून नवा दिसू लागेल. हबमध्ये नेमकं उलट. रोलरच्या फटींत हाताने दाबून भरायचं, पण हबची मोकळी जागा तिसरा हिस्सा ते निम्मी एवढीच. ठासून भरलं तर ग्रीसच घुसळून तापतं आणि सील ओलांडून ब्रेकच्या लायनरवर जातं.

सध्या या धंद्यात एक उलटी लाट आली आहे. लिथियमला बॅटरीवाल्यांकडून इतकी मागणी आहे की ग्रीस बनवणारे पुन्हा कॅल्शियमकडे वळू लागले आहेत. जुन्या साध्या चुन्याकडे नव्हे, तर कॅल्शियम सल्फोनेटकडे. हे ग्रीस उष्णता सोसतं आणि पाण्यालाही दाद देत नाही. फक्त जुन्या ग्रीसवर हे नवं थापू नये. दोन वेगळे साबण एकत्र आले की कधीकधी दोघांचंही जाळं मोडतं आणि घट्ट माल पातळ होऊन वाहू लागतो. डबा बदलायचा असेल तर आधी बेअरिंग डिझेलने धुऊन, पुसून, पुरतं कोरडं करून घ्यावं.